पुण्याजवळच्या कुंभाराने १७९३ साली माणसाला नवीन नाक बसवलं, हे खरंय का?

नाकासमोर_चालणारा

मंडळी, एक विचारायचंय, हे व्हॉट्सॅप युनिव्हर्सिटीचं ज्ञान नाहीये ना तेवढं सांगा.

झालं असं की माझ्या मावशीच्या नाकाच्या शेंड्यावरची एक पुळी दोन वर्षं बरी होत नव्हती, आम्ही सगळे चष्मा घासतोय चष्मा घासतोय म्हणत बसलो, शेवटी तुकडा तपासला तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. सहसा पसरत नाही म्हणे, पण तेवढा भाग कापून काढायला लागणार आणि मग भोक बुजवायला कपाळाची कातडी खाली वळवून आणणार. मावशी ७१ ची, रिटायर्ड शिक्षिका. ती डॉक्टरांना म्हणाली, "अहो, कपाळात काय लिहिलंय ते आजवर कळलं नाही, आता तेच नाकावर आणताय होय!"

डॉक्टर खो खो हसले आणि भिंतीवरची फ्रेम दाखवली. एक माणूस, डोक्याला फडकं, कपाळावर वण, खाली नाकाच्या आकाराच्या कसल्याशा आकृत्या. म्हणाले मावशी, हे ऑपरेशन आपल्या पुण्याचं आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका कुंभाराने केलेलं, आणि लंडनवाल्यांनी इथून उचललं. पुढचा पेशंट आत आला त्यामुळे विषय तिथेच राहिला. मी पुण्यात जन्मलो वाढलो, बाकरवडीपासून भुयारापर्यंत सगळ्याचा इतिहास ऐकून कान किटलेत, पण हे कधीच कानावर आलं नाही. कोणाला माहितीय का?

---

मोडी_लागली

खरंय, शंभर टक्के. आणि मूळ मजकूर छापील आहे, त्यामुळे "असं म्हणतात" छापाची गोष्ट नाही.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये एक पत्र आलं, खाली सही म्हणून नुसती बी. एल. ही दोन अक्षरं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकीकत आहे. हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूबरोबरच्या १७९२ च्या लढाईत पकडला गेला, तिकडे त्याचं नाक आणि एक हात कापला. तसाच श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि कंपनीने त्याला पेन्शन लावून दिलं. (टिपूवर भांडायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा, इथे नाकावरच राहू.) वर्षभराहून जास्त तो बिननाकाचा वावरला आणि मग पुण्याजवळ एकाने त्याला नवीन नाक करून दिलं. चित्र जानेवारी १७९४ मध्ये काढलंय, ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, म्हणजे ऑपरेशन साधारण मार्च १७९३ चं. सवाई माधवरावांचा काळ, कारभार नाना फडणवीसांकडे, संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा वकील, चार्ल्स मॅलेट.

कृती इतकी तपशीलवार दिलीये की वाचताना आपलंच नाक हुळहुळतं. आधी मेणाचा पातळ पत्रा करून उरलेल्या नाकावर बसवायचा, नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक छोटी पट्टी न कापता तशीच ठेवायची, तिच्यातून रक्त चालू राहतं म्हणून. मग जुन्या नाकाचा वाळलेला वण कापून ताजा करायचा, कपाळाची कातडी फिरवून खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत! टाक्यांच्या जागी काय, तर काथ. मूळ मजकुरात 'टेरा जपोनिका' लिहिलंय, म्हणजे शब्दशः जपानची माती, युरोपातल्या लोकांना आधी ती मातीच वाटायची, पण तो आपला पानातला खैराचा काथ. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही, मग त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस पेशंटने उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापून टाकायची. झालं नाक.

थॉमस क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज सर्जननी हे ऑपरेशन डोळ्यांनी पाहिलं होतं. चित्र जेम्स वेल्सचं, म्हणजे सवाई माधवराव आणि नानांचं प्रसिद्ध तैलचित्र काढणारा तोच. अवांतर: हा वेल्स पुढच्याच वर्षी वारला आणि १७९९ मध्ये त्याच्या मुलीशी खुद्द मॅलेटने लग्न केलं.

आता माझी चिडचिड. बैलवाल्याचं नाव आहे, सर्जनांची आहेत, चित्रकाराचं आहे, इतकंच काय वेल्सच्या हाताखाली काम करणाऱ्या आपल्या गंगाराम तांबटाचं नावही राहिलं. आणि ज्याने नाक केलं तो? "वीटभट्टीवाल्या जातीचा एक माणूस." बास. एवढंच.

---

चहा_कमी_साखर

जबरी! वाचनखूण साठवली. पण कावसजी म्हणजे पारशी ना? पारशी माणूस बैल कशाला हाकेल?

---

मोडी_लागली

नावामुळे भले भले फसतात. मूळ मजकुरात स्पष्ट आहे, मराठा, शेती करणाऱ्या जातीचा, म्हणजे कुणबी म्हणा. माझा अंदाज असा की गडी 'कावजी' असणार आणि साहेबाच्या कानाने त्याचा कावसजी केला. शिवकाळातले कावजी कोंढाळकर आठवतात ना, तसं. हा फक्त अंदाज, पुरावा मागू नका.

---

सुश्रुतप्रेमी

यात नवीन काय आहे? सुश्रुतसंहितेत हे सगळं आहे, इंग्रजांनी पाहिलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं कारण ते अडाणी होते. आपल्याला आपल्याच गोष्टीची किंमत नाही.

---

टाकेवाली

दादा, अभिमान मलाही आहे, पण सगळं एकाच खुंटीला टांगू नका. मी प्लास्टिक सर्जरीतच आहे म्हणून बोलते. सुश्रुतसंहितेत कातडी गालाची घेतात, माप पानाने घेतात आणि नाकपुड्यांत एरंडाच्या नळ्या ठेवतात. पुण्याजवळच्या माणसाने कपाळाची घेतली. तत्त्व तेच, कातडी मुळापासून तोडायची नाही, पण जागा बदलली आणि तो बदल फार मोठा आहे. कपाळाचा रंग, जाडी, पोत नाकाशी जुळतो, आणि भुवईच्या आतल्या टोकापासून वर जाणारी एक रक्तवाहिनी असते तिच्या जिवावर तो अख्खा तुकडा जगतो. ही सुधारणा पोथी वाचून झाली नसणार, कोणीतरी पिढ्यान् पिढ्या हाताने करत आलं असणार. तिकडे हिमाचलात कांगड्याला तर नाकं करणारी घराणीच होती, ती पार विसाव्या शतकापर्यंत.

युरोपातही १५९७ मध्ये बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने पुस्तक छापलं होतं, पण त्याची पद्धत दंडाची कातडी घ्यायची, म्हणजे नाकाला दंड बांधून जवळपास तीन आठवडे हात डोक्यावर! पुढे ते मागेच पडलं. मग हे मॅगझीनमधलं पत्र लंडनच्या जोसेफ कार्प्यूने वाचलं, त्याने मढ्यांवर सराव केला, आणि पत्र छापून आल्यावर २० वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ ला एका फौजी अधिकाऱ्यावर पहिलं ऑपरेशन केलं. पंधरा मिनिटांत. भूल यायला अजून ३२ वर्षं होती हे लक्षात घ्या. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं आणि तिथून हे युरोपभर गेलं. तिकडे अजूनही याला इंडियन मेथड म्हणतात.

नाकासमोर, मावशींना आधीच सांगून ठेवा: मधले तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची एक सोंड लटकते. आरशात पहिल्यांदा बघताना धक्का बसतो. चष्मा नीट बसत नाही, त्यामुळे वाचायचा शौक असेल तर आधीच सोय बघा. आणि एक गंमत, सुरुवातीला नाकाला हात लावला की कपाळाला लावल्यासारखं वाटतं. घाबरायचं नाही.

---

सुश्रुतप्रेमी

गालाचं माहीत नव्हतं. ठीक, माघार.

---

चहा_कमी_साखर

या साइटवर कोणी माघार घेतलेली मी पहिल्यांदा बघतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

---

भट्टीवरचा

सहसा नुसता वाचतो, लिहीत नाही, पण हा धागा घरचा निघाला.

आमच्या आज्याच्या काळापर्यंत घरात चाक होतं आणि उन्हाळ्यात विटांची भट्टी लागायची, त्यामुळे 'वीटभट्टीवाला की कुंभार' असा वाद कोणी घालणार असेल तर आमच्याकडे दोन्ही एकाच अंगणात होतं. वरची कृती वाचताना मी एका वाक्यावर थांबलो, जुना वण कापून ताजा करायचा, तिथे.

मडक्याला तोटी किंवा कपाला कान जोडायचा असतो ना, तेव्हा मडकं थोडं सुकलेलं असतं. सुकलेल्या मातीवर ओली माती नुसती दाबली तर चिकटल्यासारखी वाटते, पण भाजताना हमखास सुटते. आजा काय करायचा, दोन्हीकडची जागा टोकाने खरवडायचा, रेघोट्या रेघोट्या, मग त्यावर पातळ मातीचा लेप आणि मग तोटी बसवून अंगठ्याने कड आत दाबायची. मला लहानपणी दोनदा धपाटा पडलाय न खरवडता कान चिकटवला म्हणून. "सुकं सुक्याला धरत नाही" असं म्हणायचा तो.

तो माणूस मातीवरून कातडीचं शिकला की कातडीचं घरातूनच आलं ते मी काय सांगणार. पण वण खरवड, कड आत दाब, वर लेप दे, आणि वाळेपर्यंत हात लावू नको, हे मला तरी ओळखीचं वाटलं. कुंभाराने नाक केलं याचं लोकांना आश्चर्य वाटतं, मला नाही वाटलं.

---

टाकेवाली

भट्टीवरचा, हे मी उद्या आमच्या ज्युनियर्सना वाचून दाखवणार आहे. वणावर नवीन कातडी धरत नाही, कड रक्त येईपर्यंत ताजी करावी लागते, हे त्यांना दर वर्षी सांगून माझा घसा बसतो. "सुकं सुक्याला धरत नाही" ऑपरेशन थिएटरच्या दारावर लावते.

---

चहा_कमी_साखर

एक बावळट प्रश्न. कपाळ लहान असेल तर? म्हणजे केस खालपर्यंत आले असतील तर?

---

टाकेवाली

बावळट नाही, बरोबर प्रश्न आहे. तुकडा केसांत गेला तर नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात आणि ते नंतर काढत बसायला लागतात. टक्कल पडलेला पेशंट आला की आम्ही मनातल्या मनात खूश होतो.

---

नाकासमोर_चालणारा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मावशीला अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सोंडेचं ऐकल्यावर दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली गणपतीच्या आधीची तारीख घे, घरात दोघं शोभून दिसू. काका म्हणाले नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये, तर त्यांना आत जाऊन चहा टाकायला लावला. भट्टीवरचा, तुमच्या आज्याचं वाक्य तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

आज पुन्हा डॉक्टरांकडे गेलो होतो. तिने थेट विचारलं, काथ लावणार का? ते म्हणाले नाही, टाके. पण माप कसं घेतात ते दाखवतो म्हणाले. टाक्यांच्या दोऱ्याचं एक चकचकीत पाकीट फाडलं, त्याचा वर्ख मावशीच्या नाकावर दाबला, कात्रीने कडेने कापला, मग सपाट करून उलटा कपाळावर ठेवला आणि निळ्या पेनाने भोवती रेघ मारली. मावशी डोळे वर करून बघायचा प्रयत्न करत होती.

"मेण संपलं वाटतं तुमच्याकडचं," म्हणाली.