‘मुलगी आहेस ना? मग हीलर घे!’

एका गेमिंग ग्रुपवर आज परत तेच वाचलं: ‘रेडला (मोठ्या टोळीच्या मोहिमेला) हीलर कमी आहे, कुणाची बहीण-बायको खेळते का?’ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ ला आला, पण हे वाक्य काही म्हातारं होत नाही. नवीन मुलीला ‘सोपा’ म्हणून हाच, साथीदारांच्या जखमा भरण्याचा रोल देतात. अहो, पाच जणांच्या डंजनमध्ये (छोट्या मोहिमेत) फटके अंगावर घेणारा टँक एक, हीलर एक, मारणारे (डीपीएस) तीन. तिघांतला एक झोपला तरी बॉस उशिरा का होईना पडतो. हीलर झोपला की वाइप, म्हणजे सगळेच मेले. शिवाय मोठा हील कास्ट व्हायला वेळ लागतो. जीवाचा बार खाली गेल्यावर सुरू केला तर प्रेतावर पडतो, म्हणजे फटका कधी येणार ते आधीच पाठ हवं. नवख्याला डीपीएस द्या की! येऊ द्या तुमच्याकडचे नमुने.

रातकिडा: +१. फायनल फँटसी १४ मध्ये हीलरनं माराही करायचा असतो. जीसीडी, म्हणजे दोन चालींमधली सक्तीची वाट, अडीच सेकंदांचा. टँक ७० टक्क्यांवर आहे आणि मोठा फटका लांब आहे, तर हील नको, मारा कर. सतत शंभरावर ठेवणारा हीलर ‘काळजी घेणारा’ वगैरे नसतो, जीसीडी वाया घालवत असतो.

भिंतीवरची पाल: लिफ्टमध्ये आहे, नंतर सविस्तर. हीलर घेणाऱ्या मुलग्यांना ‘बायकी रोल’ म्हणून चिडवतात तेही लिहा कुणीतरी.

तिरपी रेघ: आणि ‘मुली टँक करत नाहीत’चं काय? टँकिंगला दंड लागत नाहीत. बॉसचं तोंड पार्टीपासून फिरवायचं आणि डिफेन्सिव्ह (मार कमी करणारे बचाव) एकामागून एक लावायचे. ३० आणि २० टक्क्यांचे एकत्र लावले तर ५० नाही, ४४ च वाचतात. दोन्ही सुरुवातीलाच उडवले की पुढचे दहा सेकंद उघडा. मग मेला की शिव्या हीलरला, त्यातून व्हॉइसवर बाईचा आवाज असेल तर विचारूच नका.

अर्धवट: दोष कुणाचा ते लॉगमध्ये (लढाईच्या नोंदीत) दिसतं हो. मरणाच्या आधीचे पाच-सहा सेकंद काढा. एका फटक्यात पूर्ण बार गेला तर मेकॅनिक (बॉसची ठरलेली चाल) चुकली किंवा डिफेन्सिव्ह नव्हता. बार हळूहळू उतरत गेला आणि हीलरकडे माना (हील करायला लागणारी जादूची शक्ती) होता, तर मग बोला त्याला. जमिनीवरच्या आगीत उभे राहणारे डीपीएस हा वेगळा धागा.

रातकिडा: @अर्धवट =)) आगीत उभं राहिलं की आकडे मोठे येतात म्हणे.

तिरपी रेघ: वॉरक्राफ्टवर २०११ चा एक अभ्यास आहे. बाईचं पात्र घेतलेले पुरुष हील जास्त करतात असं त्यात दिसलं. म्हणजे पात्र बदललं की साचा आपोआप अंगात येतो.

भिंतीवरची पाल: पुरुष बाईचं पात्र का घेतात त्याचं ठरलेलं उत्तर, ‘इतके तास पाठच बघायची तर...’ :)) बरं, गिल्डवाल्यांनो (खेळाडूंचे संघ चालवणाऱ्यांनो), अर्जात आधी क्लास (पात्राचा प्रकार), रोल, लॉग मागा. व्हॉइसवर बोलावणं ट्रायल ठरल्यावर. आवाज ऐकून रोल वाटणं निम्मं तिथेच थांबतं.

नवा भिडू: अवांतर, पण हील करताना टार्गेट बदलता बदलता माणसं मरतात. उपाय?

अर्धवट: माउसओव्हर मॅक्रो. साथीदाराच्या फ्रेमवर (नाव-बारच्या चौकटीवर) कर्सर नेला की हील त्यालाच, टार्गेट बॉसवर तसंच. पार्टी फ्रेम स्क्रीनच्या मध्याखाली आणा, कोपऱ्यात ठेवली तर पायाखालची आग दिसत नाही.