मदत हवी आहे: युरोपातून एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) आलेल्या डिफेन्समनची (बचावपटूची) प्रगती जोखायची कशी?

मंडळी, आइस हॉकी शिकवणाऱ्या किंवा बारकाईने बघणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. ३० मीटर रुंद रिंकवर घडलेला डिफेन्समन एएचएलमध्ये येतो तेव्हा रुंदी जेमतेम २६ मीटर उरते. गोलमागची जागाही ४ मीटरवरून सुमारे ३.३५ वर येते. पक (खेळाची रबरी चकती) आणायला मागे गेला की पहिला फोरचेकर (दबाव टाकायला धावून येणारा प्रतिस्पर्धी) लगेच अंगावर. पकपर्यंत पोहोचण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघून पास ठरवून ठेवला नाही, तर घाईत बोर्डलगत (रिंकच्या कडेच्या भिंतीलगत) आंधळा फटका मारला जातो आणि पक थेट प्रतिस्पर्ध्याच्या पॉइंटवर (आपल्या क्षेत्राच्या सीमेवरच्या ब्लू लाइनजवळ उभ्या त्याच्या खेळाडूकडे). खेळाडूच्या गुणतक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. प्लस-मायनसवर (खेळाडू बर्फावर असताना केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर) तर माझा मुळीच भरवसा नाही.

म्हणून व्हिडिओ बघून मागे आणलेल्या प्रत्येक पकची नोंद करायची आहे: ताब्यात ठेवून आपल्या क्षेत्राबाहेर काढला, नुसता बाहेर टाकला, की गमावला. अडचण अशी, की सलग तीन दिवसांत तीन सामने असले की तिसऱ्या दिवशी पाय जड होतात, ब्लू लाइनवर गॅप (चालून येणाऱ्या आक्रमकापासूनचं अंतर) वाढतो. ही थकव्याची चूक की सवयीची, हे वेगळं कसं काढता? आणि निष्कर्षासाठी किमान किती सामने धरावेत? पॉवरप्लेचा (शिक्षेमुळे एका संघाचा खेळाडू कमी असतानाचा) वेळ मी वगळतोय, ते बरोबर ना?