अनुभव धागा: बेसबॉलचे जुने नायक आणि घरातलं बिथरलेलं पोर

मंडळी, हा धागा काढायला कारण माझा मुलगा. पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा तो 9 वर्षांचा होता. सहावीत गेला आणि बिथरला. वर्षभरात मारामारीवरून शाळेतून तीन फोन. काही विचारलं की दार धाडकन बंद. लायब्ररीतल्या बाईंनी त्याच्या हातात एक ऐतिहासिक कादंबरी ठेवली. 1947चं ब्रुकलिन, बाप गेलेला, भांडणं उकरून काढणारा मुलगा, आणि रेडिओवर ऐकू येणारा त्याचा बेसबॉल संघ, डॉजर्स.

त्या वर्षी 15 एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून त्यांच्या एबेट्स फील्ड मैदानावर उतरला आणि कृष्णवर्णीयांना जवळजवळ 60 वर्षं बंद असलेलं मेजर लीगचं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगचं, दार उघडलं. आठवडाभरातच फिलाडेल्फियाचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू त्याला अर्वाच्य शिव्या घालत होते, आणि हा गप्प. ते वाचून पोरगा स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. "आई, तो तापट होता ना? मग त्याने हाणलं का नाही?" कित्येक दिवसांत आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. तव्यावरची पोळी करपली, पण मी हलले नाही. उत्तर मलाही येत नव्हतं, मग दोघांनी मिळून शोधलं. डॉजर्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीने 1945मध्येच त्याला सांगून ठेवलं होतं की, उलट हात न उगारण्याची धमक असलेला खेळाडू मला हवाय. आणि हाच रॉबिन्सन पोरवयात पॅसाडिनात उनाड टोळक्यात फिरायचा! हे कळल्यावर माझ्या मुलाने ते पान दोनदा वाचलं.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? हातचं न राखता लिहा.

*बाल्टिमोरहून*

ताई, अगदी घडलंय. भावाचं घर मोडलं तेव्हा पुतण्या वर्षभर आमच्याकडे होता. त्याला घेऊन बेसबॉलचा दिग्गज फटकेबाज बेब रूथ याचं जन्मघर बघायला गेलो. कॅम्डन यार्ड्सच्या मैदानापासून फुटपाथवर रंगवलेले बेसबॉल त्या घरापर्यंत नेतात. हा एकेका बॉलवर पाय ठेवत निघाला. विटांचं, चिंचोळं घर. खरं तर ते रूथचं आजोळ, आपल्याकडच्यासारखाच जन्म आजोळी. आईबापांना आवरेना म्हणून 7 वर्षांच्या रूथला 1902 साली सेंट मेरीज या सुधारशाळेत टाकलं. तिथे तो शर्ट शिवायला शिकला आणि ब्रदर मॅथायस नावाच्या धिप्पाड गुरूंचे बॅटचे फटके बघत बेसबॉलही शिकला. तिथून 1914मध्ये बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाच्या जॅक डनने त्याला उचललं, तेही कायदेशीर पालक होऊन.

रूथचे एका हंगामातले 60 होमरन वगैरे पुतण्याने ऐकून सोडून दिलं. विचारलं एवढंच, "काका, त्याला भेटायला कोण यायचं?" मी खोटं बोललो नाही. म्हणालो, फारसं कुणी नाही. परतताना त्याने माझा हात धरला होता. 11 वर्षांचा मुलगा, रस्त्यात हात धरू देत नसे.

*सॅन होजेहून*

आमच्याकडे पुस्तकाने काही झालं नाही, स्पष्ट सांगते. लेकाला गोष्टी नकोच असतात, आकडे हवे असतात. त्याच्या बाबांनी स्कोअरबुक लिहायला शिकवलं. त्यात मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. शॉर्टस्टॉप 6, सेकंड बेस 4, फर्स्ट बेस 3, म्हणून 6-4-3 म्हणजे चेंडू या क्रमाने फिरून एकाच खेळीत दोघं आउट, डबल प्ले. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवताच आउट झाला तर के हे अक्षर उलटं काढायचं. रात्रभर येरझारा घालणारा मुलगा तीन तास पेन्सिल घेऊन एका जागी बसतो. मला तेवढं पुष्कळ आहे.

*कॅन्सस सिटीहून*

इथलं नीग्रो लीग्ज म्युझियम मुलांना जरूर दाखवा. मेजर लीगचं दार बंद होतं तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू ज्या वेगळ्या लीग्जमध्ये खेळायचे, त्यांचं हे म्युझियम. आत शिरताच ब्राँझच्या खेळाडूंचं मैदान दिसतं, पण मध्ये तारेची जाळी. सगळा इतिहास चालून झाल्यावरच त्या मैदानात पाऊल टाकता येतं. माझा मुलगा सॅचेल पेज या पिचरच्या पुतळ्यापाशी थबकला. दुकानातून चोरी केली म्हणून 12व्या वर्षी अलाबामातल्या माउंट मेग्जच्या सुधारशाळेत गेलेला मुलगा. पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, तो तिथेच शिकला. मेजर लीगमध्ये त्याला घेतलं ते 1948 साली, वयाच्या 42व्या वर्षी. मुलगा म्हणाला, "एवढी वर्षं तो जाळीबाहेर होता." मी वेगळं काही समजावलं नाही.

*शिकागोहून*

मी स्वतःच ते पोर. आठवीत परीक्षेत कॉपी करताना सापडलो. बाबा तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. त्याच दिवसांत 1919च्या व्हाइट सॉक्सवरची एक कादंबरी वाचली, त्या संघाच्या शूलेस जो जॅक्सनला देव मानणाऱ्या मुलाची. त्या वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, मुद्दाम हरल्याचा आरोप संघातल्या आठ खेळाडूंवर झाला. त्या वर्ल्ड सीरिजमध्ये जॅक्सनची फलंदाजीची सरासरी .375 म्हणजे उत्तम, आणि तरी सट्टेबाजांचे 5000 डॉलर त्याने घेतले. 1921मध्ये ज्युरीने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा कमिशनर लँडिस याने आठही जणांना जन्मभराची बंदी घातली. मी रडलो होतो. चांगला खेळणारा आणि चुकलेला माणूस एकच असू शकतो, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

जॅक्सन 1951 साली वारला. मे 2025मध्ये त्याच्यावरची बंदी उठली, तेव्हा मी नाशिकला बाबांना फोन केला. त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तेव्हा मी फारच ताणलं रे."

*पुन्हा एडिसनहून*

सगळ्यांचं लेकाला वाचून दाखवलं, मराठी त्याला वाचता येत नाही, ऐकून कळतं. जाळीचं दोनदा वाचायला लावलं. कॅन्सस सिटीच्या ताई, आत गेल्यावर त्या मैदानावर किती वेळ थांबू देतात? तो विचारतोय.