उशिराचं कारण फक्त व्हीएफएक्स नाही

विज्ञानकथा मालिकांचे नवे सीझन उशिरा येतात ते व्हीएफएक्समुळे, म्हणजे संगणकावर तयार केलेल्या दृश्यांमुळे, असं काहींचं म्हणणं आहे; 'सेव्हरन्स' या अमेरिकन मालिकेचा दुसरा सीझन तीन वर्षं रखडला तोही त्यामुळेच, असं ते सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ चा, दुसरा जानेवारी २०२५ चा. मध्ये २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा मे ते सप्टेंबर आणि कलाकारांचा जुलै ते नोव्हेंबर असा संप झाला, काम ठप्पच होतं.

आणि सेटबद्दल तर कुणीच बोललं नाही. मी इथे कोल्हापुरात मालिकांचे सेट उभारतो. बंद पडलेल्या एका मालिकेचा वाडा पावसाळाभर गोदामात पडून होता. परत जोडायला घेतला तर प्लायवूडच्या कडा फुगलेल्या, मागे खडूने घातलेले नंबर पुसलेले, नवा रंग जुन्याशेजारी उठून दिसतोय. शेवटी सगळी दर्शनी भिंत नव्याने रंगवली आणि जुने फोटो समोर धरून त्यावरचे ओरखडेसुद्धा पुन्हा काढले. आमच्या रंगाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं, त्यांचं नाव कुणी घेत नाही. साध्या वाड्याची ही गत, मग इतर विज्ञानकथा मालिकांतल्या अंतराळयानाच्या सेटचं काय? तिथे दिवे, पॅनेल, वायरिंग सगळं भिंतीतच बसवलेलं असतं, आणि गोष्ट मागच्या प्रसंगालाच जोडून सुरू होणार असेल तर एक बटणही जागचं हललेलं चालत नाही.