नेव्हिसवर्क्समध्ये हजारो क्लॅश येताहेत, मदत हवी आहे (अर्जंट)

सिव्हिल_टिळकवाडी: मंडळी, हॉस्पिटलचं काम चालू आहे, शुक्रवारी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब घालायचाय आणि मालक म्हणतोय BIM मध्ये (म्हणजे बिल्डिंगच्या थ्रीडी मॉडेलमध्ये) चेक केल्याशिवाय सळी बांधायची नाही. नेव्हिसवर्क्समध्ये (सगळ्यांची मॉडेलं एकत्र करून तपासायचं सॉफ्टवेअर) चेक केलं तर साडेतीन हजारावर क्लॅश, म्हणजे एकात एक घुसलेले भाग, दाखवायलंय, रिपोर्ट उघडला की लॅपटॉपच गार. यातले खरे कुठले आणि खोटे कुठले? लवकर सांगा की.

पाईपवाला_शहापूर: कशावर काय चालवलंस? टॉलरन्स, म्हणजे किती मिमीपर्यंतची घुसखोरी सोडून द्यायची, ते किती ठेवलंस?

सिव्हिल_टिळकवाडी: सगळं सिलेक्ट करून सगळ्यावर चालवलं. टॉलरन्सला हात नाही लावला.

पाईपवाला_शहापूर: मग होणारच की. दिवा सीलिंगला, पाईप स्वतःच्या फिटिंगला, सगळं मोजतंय ते. आधी बीम विरुद्ध ड्रेनेज, मग बीम विरुद्ध डक्ट (एसीच्या हवेचा), अशा वेगवेगळ्या टेस्ट लाव. टॉलरन्स मूळचा 1 मिमी असतो, पहिल्या फेरीला 25 कर.

निपाणीकर_कंत्राटदार: आम्ही ट्रेसिंग एकावर एक ठेवून बघायचो, बिल्डिंगा अजून उभ्या आहेत. प्लंबरला साईटवर बोलवा, स्लीव्ह (पाईप जायला काँक्रीटमध्ये ठेवायची नळी) टाकून घ्या, विषय संपला.

पाईपवाला_शहापूर: अण्णा, घराला चालतं ते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरवर ऑक्सिजन, डक्ट, फायर लाईन, केबल ट्रे सगळं एकाच दीड फुटात बसवायचं असतं. नंतर काँक्रीटला भोक पाडणारा कोअर कटिंगवाला येतो आणि बीमची सळी तोडून जातो.

निपाणीकर_कंत्राटदार: आमच्या साईटवर कटिंगवाल्याला गेटात घेत नाही. कॉम्प्युटरवाल्यांना हे सांगून उपयोग नाही.

खानापूर_डिप्लोमा: सर मी सिव्हिल डिप्लोमा केलाय, आधी रेविट (मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) शिकू की नेव्हिसवर्क्स? बेळगावात चांगला क्लास आहे का पुण्यालाच जावं लागेल?

मॉडेल_उद्यमबाग: वेगळा धागा काढ रे. टिळकवाडी, तू स्ट्रक्चरचे कॉलम आर्किटेक्टच्या ग्रिडवर (आखणीच्या रेषांवर) बसतात का ते बघ आधी.

सिव्हिल_टिळकवाडी: बसत नव्हते, पुण्याच्या कन्सल्टंटची फाईल आहे ती. मग नजरेनं हलवून बसवली.

मॉडेल_उद्यमबाग: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं!! नजरेनं बसवलेल्या फाईलवर क्लॅश बघून काय उपयोग, 40 मिमी चुकली तरी निम्मे खोटे निघतात आणि खरे झाकतात. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरवाला दोघांना शेअर्ड कोऑर्डिनेट्स (मॉडेल कुठून मोजायचं तो बिंदू) एक करायला लाव आणि एक्स्पोर्ट करतानाही 'शेअर्ड'च निवडायला सांग. आणि ड्रेनेजला मॉडेलमध्ये स्लोप दिलाय का? बरेच जण सपाट काढतात. 1:100 ने 12 मीटरला 120 मिमी खाली येतं, म्हणजे कागदावर बीमखालून जाणारा पाईप साईटवर सीलिंगच्या खाली लोंबतो.

सिव्हिल_टिळकवाडी: फाईल नवीन मागवून टेस्ट वेगळ्या लावल्या. आता दीडशेच्या आत आले, त्यातले बरेचसे टॉयलेटजवळ. आर्किटेक्ट म्हणतो बीम सरकवा, स्ट्रक्चरवाला म्हणतो पाईप सरकवा. कुणी हलायचं?

पाईपवाला_शहापूर: ड्रेनेज उताराने चालतं, त्याला उलटं वर चढवता येत नाही, म्हणून त्याची जागा पहिली. मग डक्ट. पाण्याची लाईन आणि केबल ट्रे कशाही वळतात, त्यांना शेवटी बसव.

सिव्हिल_टिळकवाडी: मग 600 मिमी खोलीच्या बीममधून 110 मिमीचा पाईप स्लीव्ह टाकून नेला तर?

मॉडेल_उद्यमबाग: ते आम्ही इथून सांगणार नाही. बीमच्या खोलीच्या मधोमध आणि सपोर्टपासून लांब, एवढं सगळेच सांगतील, पण भोकाभोवती सळीच्या जादा रिंगा किती ते स्ट्रक्चरवाल्याकडून सहीसकट ड्रॉइंगवर घे. आज घे, गुरुवारी रात्री तो फोन उचलणार नाही.