मदत हवी आहे: कॉलनीच्या गल्लीत सायकली आणि पायी फिरणारे, नियम काय ठेवावा?

मुक्काम इंदूर, सुदामानगरच्या बाजूची जुनी कॉलनी. गल्ली अरुंद, दोन्ही अंगांना मोटारी उभ्या. फुटपाथ नकाशात असेल. जमिनीवर घरांचे उतार आणि कुंड्या आहेत. त्यामुळे चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्टीत.

मागच्या आठवड्यात एका शाळकरी मुलीची सायकल शेजारच्या काकूंना घासून गेली. मनगटाला मुका मार बसला, मोडलं-बिडलं नाही. पण आता रहिवासी संघात ठराव येतोय की सकाळ-संध्याकाळ फिरण्याच्या वेळेत गल्लीत सायकल चालवायचीच नाही. रविवारी बैठक आहे. माझी पंचाईत अशी की सासरे त्याच वेळी फिरायला जातात, त्यांना कमी ऐकू येतं; आणि मुलगा त्याच वेळी सायकलवर शाळेला निघतो. दोन्ही पक्ष जेवतात आमच्याच घरी!

खरा घोळ सकाळचा. कचरागाडी गाणं वाजवत येते आणि लोक ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन मोटारींच्या मधून एकदम रस्त्यात येतात. त्या गाण्यात घंटी कुणाला ऐकू जाणार? काकूंचं तसंच झालं. त्यातून गिअरच्या बऱ्याच सायकलींना घंटी नसतेच, वेगळी बसवावी लागते, आणि पोरांना ती बावळट वाटते.

बंदी मला पटत नाही. उद्या हीच मुलं स्कूटी मागतील. पण बैठकीत नुसतं 'पटत नाही' म्हणून भागणार नाही. तुमच्याकडे काही जमलंय का? गतिरोधक मागावा का?

प्रतिसाद १
ताई, गतिरोधक नका मागू. रस्त्यांच्या मानकातला गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीत घालतात तो सिमेंटचा बांध. त्याच्या टोकाला पाणी जायला फट सोडतात आणि सायकलवाला नेमका तिथूनच काढतो, म्हणजे जिथून तुमचे सासरे चालतात तिथून.

ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून जास्त. कुणी आडवं आलंय हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. पावसात रिम ओली असली की ब्रेक आणखी उशिरा धरतो. मुलाला सांगा, उभ्या मोटारींपासून चांगलं मीटरभर लांब चालव. मागून कुणी हॉर्न देईल, देऊ दे.

प्रतिसाद २
घंटी दहा-बारा मीटर अलीकडे वाजवायची, तीही एकदाच. अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकून बाजूला होतो, आणि कुठल्या बाजूला हे त्यालाही ठाऊक नसतं. सासऱ्यांनी उजव्या कडेने चालावं. वाहनं डावीकडून जातात, त्यामुळे त्यांच्या कडेचं वाहन समोरून दिसेल, कानावर भिस्त नको. आणि चौघं-चौघं ओळीने गप्पा मारत चालणाऱ्या मंडळींनाही ठरावात घ्या, नाहीतर सगळं पोरांच्याच माथी.

प्रतिसाद ३
बैठकीत कुणीतरी म्हणेलच की सायकलला कायदा नाही. ती मोटार वाहन नाही, लायसन्स लागत नाही, हे खरं. पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू आहे. उलट बाजूही सांगा: गल्ली निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे असेल तर तिथे सायकल बंद करणारा रहिवासी संघ कोण?

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. असं मांडते: कचरागाडी गल्लीत असेपर्यंत सायकल हातात धरून चालायची, घंटी प्रत्येकाला सक्तीची, आणि मोटारी एकाच बाजूला लावायच्या. शेवटच्यावर भांडण होणार. बंदीचा ठराव ज्यांनी आणलाय त्यांच्याच दोन मोटारी समोरासमोर उभ्या असतात. त्यांना गोडीत कसं सांगावं, तेही सुचवा.