वातीतून स्फोट ‘जातो’, ‘धावतो’ की नुसताच ‘होतो’?

अर्धविराम
खाणकामाच्या पाठ्यपुस्तकाचं मराठी करतोय, अडलोय दोत्रीश पद्धतीपाशी. या फ्रेंच गृहस्थाने १९०६ साली घड्याळाशिवाय स्फोटाचा वेग काढला. तपासायच्या स्फोटकाच्या कांडीत ठरावीक अंतरावर दोन भोकं, त्यांत वेग आधीच माहीत असलेल्या वातीची दोन टोकं, आणि वातीचा मधला भाग शिशाच्या पट्टीवर. कांडी एका बाजूने उडवली की जवळचं टोक आधी पेटतं, लांबचं मागाहून. दोन्हीकडचे स्फोट बरोबर मध्यावर न भेटता सरकून भेटतात आणि तिथे शिशावर चरा उठतो. तो मध्यापासून किती सरकला, एवढंच मोजायचं. भोकांत १० सेंमी अंतर, वात सेकंदाला ७,००० मीटरवाली आणि चरा १० सेंमी सरकलेला, तर वातीतला एक स्फोट दुसऱ्यापेक्षा २० सेंमी जास्त गेला. तेवढ्या वेळात कांडीतला १० सेंमीच गेला, म्हणून कांडीचा वेग निम्मा, सेकंदाला ३,५०० मीटर.
मी लिहिलं, ‘वातीतून स्फोट जातो.’ संपादकबाई म्हणतात, स्फोट जात नाही, होतो. काय करू?

काळा पत्थर
आधी ‘पेटतं’ काढा. ही वात पेटत नाही, फुटते. आमच्या विहिरीच्या कामावर साधी वात असायची, फूटभर जळायला साधारण अर्धा मिनिट. पेटवायची, वर यायचं, बांधाआड बसायचं. तुमची ती ७,००० वाली पेटवून कोण वर येणार? दोन्हींना नुसतं ‘वात’ म्हणू नका, पोरं मरतील.

तळटीप
साधी वात म्हणजे बिकफर्डची, १८३१. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींत त्याआधी गवताच्या काडीत बंदुकीची दारू भरून काम भागवायचे. कधी लवकर उडायची, कधी कामगार बघायला गेल्यावर. त्याने तागाच्या दोऱ्यांत दारू गुंडाळली, वरून डांबर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही १८३१चीच!

शुद्धमती
‘वेग’ तरी बरोबर आहे का? शाळेत शिकवतात ते असं: दिशा असेल तर वेग, नसेल तर चाल. इथे ‘स्फोटाची चाल’ हवं. आणि कृपा करून ‘विस्फोट’ लिहू नका, ते हिंदी.

अर्धविराम
‘स्फोटाची चाल’ म्हणजे कुणीतरी कट रचल्यासारखं वाटतं हो. शिवाय मी ‘विस्फोट’ लिहिलेलंच नाही.

तळटीप
लिहिलं असतं तरी काय बिघडलं? ‘वि’ संस्कृत, ‘स्फोट’ संस्कृत. त्याच ‘स्फुट्’वरून आपलं फुटणं, फोडणं, फोडणी. हिंदीने वापरला म्हणून शब्द हिंदीचा होतो का?

काळा पत्थर
लवंगीची माळ लावल्यावर ‘माळ पुढे गेली’ म्हणतोच की. फुटते एकेक लवंगी, जाते माळ. तसं ‘वात फुटत जाते’ लिहा.

शुद्धमती
‘वात’ देवापुढची. तोफेला आपल्याकडे जामगी म्हणजे पेटती दोरी होती, तोफेच्या कानात रंजक म्हणजे पेट घेणारी दारू होती. एवढे शब्द असताना निरांजनातली वात कशाला ओढता?

तळटीप
जामगी फारसी आहे, बाई. चालते का तुम्हाला? आणि ‘सुरुंग’ तर थेट ग्रीक ‘सिरिंक्स’वरून, म्हणजे पोकळ नळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो, आणि त्यावरून ग्रंथाच्या काळाचे वाद घातले गेलेत.

वेंगुर्लेकरीण
मग आमची सुरंगी? आजी म्हणायची, कळी टपकन फुटते म्हणून सुरंगी.

तळटीप
‘सु’ अधिक ‘रंग’ असावं. स्फोटाशी संबंध नाही.

वेंगुर्लेकरीण
रंग कसला, पांढरं तर फूल! पिवळे असतात ते आतले केसर. तुम्ही वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, कधी हातात तरी घेतलाय का?

शुद्धमती
वळेसर की वळेसार?